घाटोळेकाका चपला काढून गाडीत बसतात

कोणाच्याही गाडीत बसताना घाटोळेकाका आधी चपला काढतात. नव्या माणसाला वाटतं, केवढा हा आदर. आदराचा काही संबंध नाही. गिअरबॉक्समधली खरखर कानाच्या आधी तळपायाला कळते, असं त्यांचं म्हणणं आहे.

काका आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माझ्या घराला लागून राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतली सारी नोकरी रायपुरात झाली. स्वतःची गाडी नाही, चालवताही येत नाही. पण पाऱ्यात कोणाच्या गाडीत काही वाजलं, की मिस्त्रीच्या आधी काकांना बोलावतात. काका तोंडानं आवाज काढून दाखवतात आणि यातला कोणता, असं विचारतात. त्यांच्याकडे नुसत्या 'किर्र'चे चार प्रकार आहेत. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक मला अजून कळलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी गुणगुणू लागली. माझं ऑफिस नव्या रायपूरला. तिकडे बस मोजक्याच, म्हणजे गाडी बंद तर मीही बंद. वर्कशॉपवाल्यांनी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. ही बातमी मी काकांच्या कानावर घातली. त्यांनी चपला काढल्या.

नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर त्यांनी मला दोन तास फिरवलं. मध्येच मी विचारलं, काय वाटतं? तर म्हणाले, "घाई करू नको. तिले बोलू दे."

शेवटी गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये उभी करायला लावली. क्लच दाबला की गुणगुण थांबायची, सोडला की पुन्हा सुरू. असं त्यांनी सतरा वेळा करवलं. एक सायकलवाला थांबून पाहू लागला, तर काकांनी त्याला चूप राहायची खूण केली. तो बोललाच नव्हता.

"बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "गिअर सारे चांगले आहेत. बाकी काही बदलवू नको."

रविवारी आम्ही बीरगांवला त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. गिअरबॉक्स उतरेपर्यंत काका उभेच होते. मिस्त्रीनं तीनदा त्यांना बसायला सांगून पाहिलं, मग नाद सोडला. बेअरिंग निघालं, त्याच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडले होते. काकांना आनंद वगैरे झाला नाही. गिअरबॉक्समधलं तेलही कमी निघालं, तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरात कोणाला उपाशी ठेवलं होतं.

परतताना गाडी अगदी शांत होती. काका मात्र सारखे घड्याळ पाहत होते. चार वाजता आम्ही पोचलो आणि त्यांनी मला चहाला आत नेलं.

काकूंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, वाचा गेली, एवढं मला माहीत होतं. दिवसा सोबतीला असणारी दीदी आमची वाटच पाहत होती. ती गेल्यावर काकूंनी "ऊं… आं" असा आवाज केला. काकांनी उशी सरकवली. काकूंनी पुन्हा आवाज केला. मला दोन्ही एकच वाटले.

"तुही आई कशी आहे, विचारून राहिली," काका म्हणाले.

मी म्हटलं, बरी आहे. काकूंनी मान हलवली.

तिसरा आवाज मात्र काकांना कळला नाही. त्यांनी पाणी विचारलं, औषध विचारलं, खिडकी विचारली. काकू नाही नाही करत होत्या, त्यांचे डोळे भरून आले. काकांनी उठून कूलर बंद केला आणि पलंगाला लागून खाली बसले.

"नाही समजलं मले," ते हळूच म्हणाले. "अजून एकदा म्हण."

काकूंनी म्हटलं. मग अजून एकदा. खोली तापत गेली. काका त्यांच्या ओठांकडे पाहत बसून राहिले.

बऱ्याच वेळानं काकांनी मान खाली घातली.

"मी जेवलो नाही ना अजून," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तेच म्हणून राहिली."

त्यांनी स्वयंपाकघरातून झाकलेलं ताट आणलं आणि काकूंना दिसेल अशा बेतानं समोर बसून जेवायला सुरुवात केली. काकू प्रत्येक घास पाहत होत्या. चहाचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मी कूलर सुरू केला आणि दार ओढून घेतलं.