पहिल्या दारातला सांगाडा

आधीच सांगतो, मी हे भयंकर चिडून लिहितो आहे. वाचताना कुणी हसलं तर मला खपणार नाही. (हसणारच तुम्ही. सगळे हसतात. तोच तर मुद्दा आहे.)

झालं असं, की बायकोला मी 'बरं' म्हणालो. ती मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे तिचं काम सांगाडे चालवायचं. चित्रं दुसरं कुणीतरी काढतं, पण तो हाडांचा सापळा उठतो कसा, वळतो कसा, तलवार उगारतो कसा, हे ही ठरवते. नव्या गेममध्ये एक किल्ला होता आणि त्याच्या दारादारात एकेक सांगाडा पहाऱ्याला.

"अहो, सांगाड्याला भुवया नसतात, ओठ नसतात, डोळे तर नसतातच," ती म्हणाली. "राग सगळा अंगातून दिसायला हवा. मला एक खराखुरा चिडका माणूस हवाय."

"मग शोध की कुठेतरी!"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मला राग आला. पण पाठोपाठ मनात आलं, शेवटच्या दारातला महासांगाडा! खलनायक! मी वीजबिलांच्या तक्रार खिडकीवर बसतो आणि तिथे माझा धाक आहे. मी नुसती खुर्ची मागे सरकवली तरी रांगेतली कुजबुज थांबते. हा धाक सोडला तर आयुष्यात मी दुसरं काही कमावलेलं नाही. तो आता जगभर पसरणार होता. म्हटलं, होऊन जाऊ दे.

सुट्टीच्या दिवशी तिने मला काळे कपडे घालायला लावले, सांध्यासांध्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि हॉलमध्ये कॅमेरा लावला.

"हं, चिडा."

आणि काय सांगू, राग येईना! एरवी दाराची बेल दोनदा वाजली तरी जो धावत येतो, तो ऐन वेळी गायब. मी दात खाल्ले, मुठी वळल्या, मान थरथरवली.

"पोटात दुखतंय का रे?" आईने सोफ्यावरून विचारलं.

बायको टेप आणायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. "पलंगावर ओला टॉवेल पुन्हा कुणी टाकला?"

मीच टाकला होता. त्यामुळे राग अगदी अस्सल आला. मी चष्मा वर ढकलला, बोट नाचवलं, पँट वर ओढली, "या घरात माणसाला किंमत नाही!" असं ओरडलो आणि दाणकन दार आपटून बाहेर पडलो. किल्ल्या राहिल्या म्हणून परत आलो आणि त्याच रागात पुन्हा दार आपटलं. बायको मागे कमरेवर हात ठेवून शांत उभी होती. "छान झालं," एवढंच म्हणाली.

मी ऑफिसभर सांगून टाकलं, गेम येतोय आणि त्यातला खलनायक म्हणजे मी. साहेबांना तर मुद्दाम केबिनमध्ये जाऊन सांगितलं. (माणसाने गप्प बसायला शिकावं.)

गेम आला. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइलला चिकटले आणि पहिल्याच मिनिटाला साहेब खुर्चीतून घसरले. मी पहिल्या दारात होतो! पहिल्या! नवशिक्यांनी हात साफ करून घ्यायचे, त्या दारात! सांगाड्याला नाक नाही, तरी तो चष्मा वर ढकलतो. पोट नाही, ढुंगण नाही, तरी पँट वर ओढतो! दार आपटून जातो, काहीतरी विसरतो, परत येतो, पुन्हा आपटतो.

आठवड्याभरात गेम घरोघरी पोचला. एक दिवस खिडकीवर एका आजोबांवर मी कडाडलो, "कागद अर्धवट आहेत तुमचे!" आजोबा घाबरण्याऐवजी रांगेकडे वळून म्हणाले, "थांबा हं, आता पँट ओढतील." आणि लाज वाटते सांगायला, मी ओढली. अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरात शिरलो तो पेटूनच. "काढून टाक त्याला! आत्ताच्या आत्ता! माझी अब्रू गेली!"

"कसा काढू? लोकांना तोच आवडलाय," बायको म्हणाली. "कुणी मारतही नाही त्याला. बिचारा म्हणून सोडून देतात."

बिचारा! मारलं असतं तर चाललं असतं हो मला!

"मग शेवटच्या दारात कोण आहे एवढा शूर?"

"ये, दाखवते," आई चष्मा पुसत म्हणाली. "मी पोचलेय तिथे. पण रोज मरते."

मी मोबाइलमध्ये डोकावलो. मोठं थोरलं दार. समोर एक सांगाडा. तलवार नाही, ढाल नाही, आरडाओरडा नाही. आईचा योद्धा पुढे सरकला. सांगाड्याने सावकाश मान वळवली. एक हात कमरेवर ठेवला. आणि नुसता बघत राहिला. मी आपोआप एक पाऊल मागे सरकलो.

"ही... ही तर तू!"

"तुमच्यामागे मीही कॅमेऱ्यात आले होते ना," बायको म्हणाली. "आमचे साहेब म्हणाले, हिला हत्याराची गरजच नाही."

म्हणजे नाचलो मी, पट्ट्या माझ्या अंगावर, घसा माझा बसला, आणि महासांगाडा ही! मी चष्मा वर ढकलला, बोट उगारलं, तोंड उघडलं. बायकोने सावकाश मान वळवली आणि बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मग एक हात कमरेवर ठेवला.

मी तोंड मिटलं. आत गेलो, पलंगावरचा ओला टॉवेल उचलला आणि दोरीवर वाळत टाकला. दोन्ही टोकं सारखी करून.

हॉलमधून आईची आनंदाची आरोळी आली.

"अगं सूनबाई, उघडलं गं शेवटचं दार! तलवार खाली ठेवून मान खाली घालायची होती नुसती! याच्याकडे बघून सुचलं!"