चाळीस सेकंदांचं गाऱ्हाणं

बाबी मेस्त्रींनी एकदा कोंबड्याला चप्पल फेकून मारली होती. कोंबडा पहाटे आरवला म्हणून नव्हे, ताल सोडून आरवला म्हणून. "आरावतलस तर सारक्या आराव, मेल्या!" असं ते अंगणात उभे राहून ओरडत होते, आणि मी खिडकीतून हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गणपतीच्या आरतीत त्यांनी हेडमास्तरांच्या हातातून झांजा काढून घेतल्या. भाचीच्या लग्नात वरात अडवून बँडवाल्यांना बडवलं. ढोल नव्हे, बँडवाल्यांनाच.

मी काही गरीब गाय नाही. मालवणच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, आणि तिथे दिवसभर बसून माणूस संत होत नाही. पण बाबीकाकांपुढे माझाही राग फिका पडतो. धंद्याने ते सुतार. तरुणपणी मात्र ड्रम वाजवायचे, आणि तेही चक्क रॉक बँडमध्ये.

बँडचं नाव 'बावटो'. बंदरावर वादळाचा बावटा लागला की मासेमारी बंद, बर्फाचा कारखाना बंद, आणि मग त्या रिकाम्या कारखान्यात ही चार पोरं वाजवायला बसायची. तिथेच त्यांनी एक कॅसेट रेकॉर्ड केली, 'खारो वारो' नावाची. घरच्यांनी शिव्या घातल्या, गावाने कानांवर हात ठेवले आणि ती कॅसेट सगळे विसरून गेले.

परवा कुठे पुण्यातल्या एका कंपनीला तिचा शोध लागला. ती रीमास्टर करायची, म्हणजे जुना आवाज धुऊनपुसून चकचकीत करायचा, असं त्यांनी ठरवलं. धड उरलेली एकच कॅसेट होती, बाबीकाकांच्या ट्रंकेत. बँड मोडला तेव्हा त्यांनी ती आत टाकली होती आणि त्यानंतर एकदाही ऐकली नव्हती. तीच त्यांनी पुण्याला पाठवली.

धुतलेली गाणी माझ्या मेलवर आली. बाबीकाका काउंटरला टेकले, मी पहिलं गाणं लावलं. दहा सेकंदांत त्यांची मूठ माझ्या काउंटरवर आदळली.

"गो बाय, गाऱ्हाणा खंय?"

"कसला गाऱ्हाणा?"

"सुरवातीचा! चाळीस सेकंदांचा! कापल्यानी तेनी!"

आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. विहीर खणा, नाटक करा, नाहीतर रॉक म्युझिक वाजवा. गिटार वाजवणारा पास्कू ख्रिश्चन, पण गाऱ्हाणं तोच घालायचा, कारण बाकी तिघांना मधेच हसू फुटायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशीही त्यानेच घातलं, आणि टेप चालू असल्यामुळे तेही कॅसेटवर आलं.

"माका गाणी नको. माका ता गाऱ्हाणा व्हया," बाबीकाका म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. पुण्याहून उत्तर आलं: सुरुवातीचा अनावश्यक गोंगाट काढून टाकण्यात आला आहे.

गोंगाट! हा शब्द मी वाचून दाखवला ती माझी चूकच झाली. "तेंका विचार, कानात बोळे घातल्यानी काय?" इथपासून जे सुरू झालं, त्यातलं निम्मं मला टाइप करता येण्यासारखं नव्हतं. मी त्याचं सभ्य मराठी करायची आणि बाबीकाका ते वाचून आणखी चिडायचे. "ह्या काय लिवलंस? विनंती? मी विनंती केलंय? मी शिव्ये घातलंय!" असे अकरा मेल गेले. बाबीकाका रोज माझ्या जेवणाच्या वेळेला यायचे आणि माझी सोलकढी तशीच राहायची.

मग कंपनीने रेकॉर्डसोबत छापायचा बँडचा इतिहास पाठवला, तपासायला म्हणून. 'निसर्गरम्य मालवणच्या मच्छीमार तरुणांनी'... माझंच डोकं फिरलं. चौघांपैकी एकही मच्छीमार नव्हता. होडीत पाय ठेवला की बाबीकाकांना उलटी होते. या पुण्याच्या लोकांना समुद्र दिसला की सगळे मच्छीमार! आणि शेवटी काय, तर 'वैचारिक मतभेदांमुळे बँड विसर्जित झाला'.

"कसले वैचारिक?" बाबीकाका कडाडले. "कुडाळच्या पोग्रामात तेना ताल सोडल्यान, मी तेची गिटार मोडलंय! सरळ लिही तसा!"

आता हे सगळ्या मालवणला माहीत आहे. गिटार मोडली त्या दिवसापासून बाबीकाका आणि पास्कू बोलले नाहीत. उरलेले दोघे मुंबईला नोकरीला गेले आणि तिकडचेच झाले, पण हे दोघे इथेच, एकाच वाडीत. पास्कू समोरून आला की बाबीकाका रस्ता बदलायचे. पास्कू हाक मारायचा, हे ऐकायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी पास्कू गेला. त्या दिवशी बाबीकाका सिमेंटरीच्या गेटपर्यंत गेले, बाहेरच उभे राहिले आणि माती पडल्यावर परत आले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता, की महिनाभर मी त्यांचं एकही काम केलं नाही.

शेवटी मी कंपनीतल्या मॅडमना फोन लावून दिला. बाबीकाकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ऑफिसातल्यासारखी मराठी काढली. "नमस्कार. मी मालवणहून बाबी मेस्त्री बोलत आहे. आपण आमच्या देवाला कात्री लावलेली आहे."

मॅडम बिचाऱ्या गोंधळल्या. "काका, ते भांडण आहे ना? चार जण नुसते ओरडतायत. अल्बम शुक्रवारी येतोय, आता काही बदलता येणार नाही."

"भांडाण?" शुद्ध मराठी तिथेच संपली आणि ठेवणीतली शिवी आली. "आवशीक खाव! देवाक हाक मारतो ता भांडाण?"

मी फोन हिसकावून घेतला आणि त्या बाईला असं काही झापलं, की पुढची दोन गिऱ्हाइकं कागद न घेताच गेली. चाळीस सेकंद! एका मेलेल्या माणसाचा आवाज आहे तो, तुमच्या यंत्राला तो कचरा वाटला काय? मग त्या म्हणाल्या, "न धुतलेलं मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पाठवते. ऐकून सांगा कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते, मी शुक्रवारच्या आत जोडते."

भर दुपारी ती फाइल आली. मी आवाज मोठा केला. खरखर, कोणाचं तरी खोकणं आणि मग पास्कूचा मोकळा गळा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी चार पोरां हंय जमलेली आसत, तेंच्या गाण्याक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीन आवाज.

"लायट घालव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबीकाका हसत होते. मान हलवत होते.

"आणि आमच्या बाब्याच्या डोक्यात जो राग भरलेलो आसा, तो दर्यात बुडव, आणि तेका आमच्यातसून खंय जावक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज दोनच होते. पाठोपाठ काहीतरी फेकल्याचा आवाज, बहुतेक ड्रमची काठी. मग पास्कू हसत हसत म्हणाला, "बाब्या, म्हण मरे!" कोणीच काही बोललं नाही आणि गाणं सुरू झालं.

मी बंद केलं. बाबीकाकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी म्हटलंय," ते म्हणाले. "माका आठावता ना. मी म्हटलंय, गो."

त्यांच्यावर चिडावं तर ते जमेना. आतल्या आत रडू येत होतं, त्याचाच राग आला.

"परत लाव."

मी परत लावलं. झेरॉक्सला आलेली माणसं रांगेत उभी होती, ती पुढे सरकून ऐकू लागली. लाइटचं मागणं झालं. रागाचं झालं. दोघे म्हणाले. काठी पडली.

"बाब्या, म्हण मरे!" पास्कू म्हणाला.

बाबीकाकांनी काउंटर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.