चालत्या घराची कोनशिला

मोटारघराला कोनशिला असावी की नसावी, हा प्रश्न खात्यापुढे कधीच आला नाही. ती कोठे बसवावी, एवढाच आला. वास्तविक कोनशिला पायाशी बसवतात आणि मोटारघराला पायाऐवजी चाके असतात. परंतु शासकीय निधीतून उभी राहिलेली कोणतीही वस्तू ही इमारतच होय, मग ती ताशी साठ किलोमीटर वेगाने का धावेना, असा खात्याचा पूर्वापार समज होता. खात्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. दिल्यास इतर खात्यांचा अकारण अवमान होईल.

हे मोटारघर देगलूर आणि देवणीकडच्या सीमेवरील गावांसाठी होते. तेथील माणसे तीन भाषा बोलतात आणि डॉक्टर त्यांना एकाही भाषेत मिळत नाही. परिचारिका शिवकन्या, मदतनीस कोंडाबाई आणि चालक मारोती या तिघांनी दर सोमवारी लातुरातून निघावे, गावोगाव रुग्ण तपासावेत, त्याच गाडीत रांधावे, त्याच गाडीत झोपावे आणि शनिवारी परतावे, अशी योजना होती. सीमेवरच्या खेड्यात सिलिंडर बदलून मिळत नाही, म्हणून गाडीच्या तळाशी पुन्हा पुन्हा भरता येणारी गॅसची टाकी होती. ती पंपावर जाऊन भरायची. गॅस भरण्याच्या तोंडाला कारागीर फिलर म्हणत. खात्याने त्याचे नामकरण ‘वायुभरण-मुख’ असे केले होते.

गाडीचे घर बांधले ते गुरुबसप्पांनी. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस वर्षे ट्रकच्या बॉड्या बांधणारा हा माणूस. त्यांनी फिलर बाहेरच्या अंगाला, डाव्या बाजूस मागे, गुडघ्याच्या उंचीवर बसवला होता. दार दूर, खिडकी दूर, धुराची नळी पार पलीकडे. फिलरपासून निघालेली गॅसची नळी दोन हात लांबीची होती. ती बाहेरूनच गाडीखाली टाकीकडे जाई आणि घराच्या आत डोकावतसुद्धा नसे. कनिष्ठ अभियंता लुंबिनी सोनकांबळे पोते अंथरून गाडीखाली शिरली आणि तिने नळीची प्रत्येक पकड हाताने ओढून पाहिली.

“कामून एवढं घुसून बघून राहिलात म्याडम? आमच्यावर भरोसा न्हाई का?” गुरुबसप्पांनी विचारले.

“तुमच्यावर आहे, काका. गॅसवर नाही. हवेपेक्षा जड असतो तो. सुटला की खाली बसतो आणि ठिणगीची वाट बघतो.”

“मग सुटायचाच असंल तर बाहेर सुटू द्या की. बाहेर लई जागा हाय.”

या संपूर्ण प्रकरणात व्यक्त झालेले हे शेवटचे तांत्रिक मत होय. यानंतर जे घडले ते प्रशासन होते.

उद्घाटनाला महिना उरला असताना खात्याचे उपप्रमुख शेषेराव एका टेम्पोतून ग्रॅनाइटची शिला घेऊन कारखान्यात आले. शिला तीन फूट लांब व अडीच फूट रुंद होती. तिच्यावर राजशिष्टाचाराच्या क्रमाने अकरा नावे कोरलेली होती. गाडीच्या उजव्या बाजूस डिझेलची टाकी आणि धुराची नळी असल्याने तेथे मान्यवरांना उभे करणे प्रकृतीस हितकारक नव्हते. पाठीमागे जादा चाक आणि शिडी होती. शिवाय अकरा सन्माननीय व्यक्तींची नावे वाहनाच्या पार्श्वभागावर लावणे कोणत्याच परिपत्रकात बसत नव्हते. डाव्या बाजूस पुढे दार, मध्ये खिडकी. उरली ती मागची मोकळी जागा, आणि तिच्या बरोबर मध्यावर फिलर.

“दगड लहान करता येईल, साहेब,” लुंबिनी म्हणाली.

“नावं लहान होतील,” शेषेराव म्हणाले.

“मग दगडाला भोक पाडू. फिलर त्यातून बाहेर काढू.”

शेषेराव न्यायी होते. त्यांनी या सूचनेचा साधकबाधक विचार केला. पहिल्या ओळीत भोक पाडण्याचा प्रश्नच नव्हता. तिसरे आणि चौथे नाव यांमध्ये चार बोटे जागा होती. परंतु ही दोन नावे दोन मित्रपक्षांची होती आणि त्यांच्यामधून ज्वलनशील वायू जाणे हे राजकीय भाष्य ठरले असते. राहिले अकरावे नाव. ते खात्याच्या समितीचे अशासकीय सदस्य अमरेश यांचे होते. त्यांना कारखान्यात बोलावून घेण्यात आले.

अमरेश बराच वेळ शिलेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “साहेब, सात वर्सं झाली समितीवर येऊन. उदगीर रोडला दगड बसला, त्यात मी ‘व इतर’मध्ये गेलो. चाकूरला बसला, तिथं ‘आदी मान्यवर’ झालो. आता कुठं नाव पडलं, तर तुम्ही त्याच्यात पंप खुपसून राहिलात.”

“नावात नाही हो, अमरेशभाऊ. नावाच्या खाली,” लुंबिनी म्हणाली.

“खाली म्हणजे माझ्या बुडाखाली गॅस? लोक काय समजतील? इज्जत हाय का न्हाई माणसाला?”

गाडीचा ताबा घ्यायला आलेली शिवकन्या दारात उभी होती. ती हसून म्हणाली, “भाऊंच्या नावाखाली नको म्हणता, तर माझ्या अंथरुणाखाली घाला की मग. मला कुठं इज्जत हाय.”

हा विनोद होता. परंतु इतिवृत्तात विनोदासाठी रकाना नसतो, त्यामुळे तो ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडून प्राप्त सूचना’ या रकान्यात नोंदला गेला. समितीने त्यावर एकमताने ठराव केला: शिला ही स्वभावतः अचल आहे आणि नळी ही स्वभावतः लवचिक आहे, सबब लवचिक घटकाने अचल घटकास जागा करून द्यावी. या ठरावात एका पिढीचा प्रशासकीय अनुभव साठवलेला होता. जे वाकते ते वाकवावे आणि जे वाकत नाही त्यावर नाव कोरावे.

फिलर आत आला, तो शिवकन्येच्या खाटेखाली. आता नळी नऊ फूट लांब झाली. खाटेखालून निघून, प्लायवूडच्या कापलेल्या कडेला घासत, शेगडीच्या मागून वळसा घेऊन ती टाकीकडे जाऊ लागली.

“साहेब, मी बॉडी बांधतो, बॉम्ब न्हाई. लिहून द्या,” गुरुबसप्पा म्हणाले.

शेषेरावांनी तत्काळ लिहून दिले: ‘योग्य ते करावे.’

चाचणीसाठी गाडी नांदेड रोडच्या एका पंपावर नेण्यात आली. पंपाच्या नियमाप्रमाणे गॅस भरताना सर्वांनी खाली उतरायचे आणि गाडीची दारे बंद ठेवायची. पण फिलरच आत असल्याने पंपाची नळी दारातूनच न्यावी लागत होती. पंपावरच्या माणसाने नकार दिला. शेषेरावांनी दूरध्वनीवरून मार्गदर्शन केले, आणि दुसऱ्या दिवशी मारोती कार्यालयीन शिक्क्याची एक पाटी घेऊन आला. ती त्याने सताड उघड्या दाराला अडकवली. पाटीवर लिहिले होते: ‘हे दार बंद आहे.’

“दार तर उघडं हाय,” पंपवाला म्हणाला.

“तुला वाचता येतं का न्हाई?” मारोतीने विचारले.

“येतं की.”

“मग? शिक्का बी हाय त्याच्यावर. खामखा वाद घालू नको.”

गॅस भरला गेला. नळी काढताना थोडा वायू फुस्सकन सुटतोच. एरवी तो मोकळ्या हवेत गेला असता. आता तो खाटेखाली जाऊन बसला. जमिनीलगत लावलेले गॅस ओळखणारे यंत्र किंचाळू लागले आणि खिडक्या उघडून, गाद्या बाहेर काढून, कोंडाबाईने सुपाने वारा घालेपर्यंत किंचाळत राहिले. त्या वेळी अमरेश शिलेसोबत छायाचित्र काढून घेत होते. यंत्राच्या वर्तनाची चौकशी झाली. संवेदनशील असल्याच्या कारणावरून ते गाडीतून काढून लातूर कार्यालयातील लोखंडी कपाटात सुरक्षित ठेवण्यात आले. तेथे ते आजतागायत एकदाही वाजलेले नाही. अहवालात त्याच्यापुढे ‘सुधारणा समाधानकारक’ असा शेरा आहे.

यंत्र निघाले त्या दिवशी शिवकन्येने लुंबिनीला गाडीमागे बाजूला घेतले. या वेळी ती हसत नव्हती.

“म्याडम, खरं सांगा. मी झोपू का त्याच्यावर?”

“नको.”

“आन् न्हाई झोपले तर?”

“मुक्कामी गैरहजेरी लागेल.”

“म्हंजी नोकरी जाईल. दोन लेकरं हाईत मला. तुमी लिवा त्यांना. पण लई पानं नका लिवू. ते पानं मोजतेत, वाचत न्हाईत. एकच वाक्य लिवा.”

लुंबिनीने एकच वाक्य लिहिले: ‘कोणताही शहाणा माणूस स्वतःच्या घरातील गॅसच्या नळीकडे असे दुर्लक्ष करणार नाही.’

पत्र वाचले गेले. शेषेरावांनी समासात लिहिले: ‘यास पुरावा काय?’ पुढे त्यांनी आदेश काढला, आणि तो त्यांच्या सेवाकाळातील सर्वांत न्याय्य आदेश होता, हे मान्य करावे लागेल. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शंभर शहाण्या नागरिकांना एकच प्रश्न विचारावा. घरगुती गॅसच्या नळीवर तिची मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. ती आपण शेवटची केव्हा पाहिली? शंभरांपैकी एकावन्न जणांनी पाहिली असल्यास शिला उतरवण्यात येईल आणि फिलर पूर्वीच्या जागी बाहेर नेण्यात येईल. नपेक्षा, जनतेचे मत हेच खात्याचे मत.

लुंबिनी आनंदाने बाहेर पडली. शंभरात एकावन्न म्हणजे काहीच नव्हते. तिने जाणूनबुजून शिकलेली, सुस्थितीतील, वर्तमानपत्र घेणारी घरे निवडली.

लातुरात मंजुश्री नावाच्या बाईंकडे नुकतेच नवे स्वयंपाकघर झाले होते. सिलिंडर चकचकीत कपाटात बंद होता आणि नळी प्लायवूडच्या भोकातून, खणांच्या मागून कुठेशी गेली होती. ती पाहायची तर तीन खण उचकटावे लागले असते.

“ताई, सिलिंडर दिसला की किचन कसं गावठी वाटतं,” मंजुश्री म्हणाल्या. “सुताराला सांगितलं, काही बी कर, नळी दिसली नाही पाहिजे.”

नांदेडला पंचाक्षरी सर भेटले. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मोटारघराची हकीकत ऐकून ते संतापले. वायूची घनता, ज्वलनाची मर्यादा आणि राज्यकर्त्यांचे अज्ञान यांवर ते अर्धा तास बोलले. मोर्चा काढा, मी पुढे चालतो, असेही म्हणाले. मग लुंबिनीने ओट्याखाली वाकून पाहिले. नळीची मुदत संपून नऊ वर्षे झाली होती.

“हां, पण ही चालते अजून,” सर म्हणाले. “काही झालं नाही बघा इतक्या वर्षांत.”

चाकूरच्या शांतम्मांनी तर नळीला फुलाफुलांच्या कापडाची झालर शिवली होती.

“तारीख? नळीला?” त्यांनी विचारले. “माझ्या लग्नाची तारीख मालकाला ठाऊक न्हाई, आन् नळीची कोण बघतंय गं माय. बस, च्या घेऊन जा.”

अकराव्या दिवशी लुंबिनीने शंभर सह्यांची यादी सादर केली. तिघांनी तारीख पाहिली होती. त्यांपैकी दोघांनी ती उलटून गेल्याचे पाहिले होते आणि नंतर पुन्हा पाहिले नव्हते. शेषेरावांनी ती दोन दिवस घेऊन शेवटपर्यंत वाचली. त्यांनी विजयाचा भाव चेहऱ्यावर आणला नाही. उलट तिला बोलावून बसायला खुर्ची दिली.

“आमच्या घरची नळी मीही बघितली नव्हती, सोनकांबळे,” ते म्हणाले. “तुमची यादी हातात आल्यावर बघितली. काल बदलून घेतली.”

“मग गाडीची, साहेब?”

“गाडीचं मत जनतेनं दिलेलं आहे. मी कोण?”

सोमवारी सकाळी पडदा सरकला, अकरा नावांवर हार पडले आणि मोटारघर देगलूरच्या दिशेने निघाले. शिवकन्या खिडकी पूर्ण उघडून, मान बाहेर काढून बसली होती. ती मान्यवरांना हात करते आहे असे समजून मान्यवरांनीही हात केले.

हे सर्व वाचून आपल्याला संताप आला असेल, आणि तो अगदी योग्य आहे. मात्र लुंबिनीची यादी या प्रकरणाच्या कागदपत्रांना जोडलेली असून ती कोणालाही पाहता येते. त्रेसष्टाव्या क्रमांकावर आपले नाव आहे. त्या दिवशी आपण घाईत होता; प्रश्न ऐकून हसला होता, ‘लिहा हो काहीही’ म्हणाला होता आणि शेगडीपाशी उभ्याउभ्याच सही केली होती. शिवकन्या आठवड्याचे पाच दिवस ज्या खाटेवर झोपते, ती खाट त्या सहीवर उभी आहे.