गुलाबकाका स्पीकर निवडतात

लग्नाच्या वरातीत डीजे ऐन रंगात आलेला, पोरं नाचून घामाघूम झालेली, आणि अशा वेळी गर्दीत घुसून त्या गाडीपाशी जाऊन, "गाणं थांबव बाप्पा, दोन शब्द बोलून दाखव," असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुलाबकाका. डीजेवाल्याला वाटलं, नवरदेवाचा मामा असेल, काही महत्त्वाचं सांगायचं असेल. त्यानं गाणं थांबवलं आणि माइक काकांपुढे केला.

"मले नको. तूच बोल," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"जेवण झालं काय, असं बोल."

बोलला बिचारा. भर वरातीत, अख्ख्या शेलूबाजार गावाला ऐकू जाईल असं, "जेवण झालं काय?" काकांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, "अंहं. छाती नाई आवाजाले," असा निकाल दिला आणि शांतपणे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. घोड्यावरचा नवरदेव मात्र मुंडावळ्या बाजूला करकरून आमच्याकडे बघत होता. मला तर तिथल्या तिथं गडप व्हावंसं वाटलं.

शेलूबाजारला आमची आणि गुलाबकाकांची भिंत एकच. काका साठीच्या पुढचे, लग्न केलेलं नाही, आयुष्य धाकट्या भावाच्या संसारात काढलेलं. त्या घरात इतकी माणसं आणि इतका कालवा की भांडण चालू आहे का कौतुक, हे आम्हाला भिंतीपलीकडून कधी कळायचं नाही. मग पोरांच्या शाळेसाठी भाऊ बिऱ्हाड घेऊन वाशीमला गेला. काकांनाही चला म्हणाला. पण वावर कोण पाहणार? काका मागे राहिले. पंधरवडाभर त्यांनी त्या रिकाम्या घरात चूल पेटवून पाहिली आणि एक दिवस बाज, दोन भांडी आणि कंदील घेऊन वावरातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, राहायला गेले. "घरात आपलाच खोकला आपल्याले आयकू येते," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

त्या साली सोयाबीन पावसानं नेलं होतं. राहिला होता हरभरा, आणि त्याच्यावर डोळा होता रोह्यांचा. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, कळपानं येतं आणि एका रात्रीत वावर साफ करून जातं. हरभऱ्याला घाटे धरायच्या आत काहीतरी बंदोबस्त करणं भाग होतं, नाहीतर वर्ष कोरडं जाणार होतं.

कृषी केंद्रातून एक तयार यंत्र काकांनी वापरून पाहायला आणलं. त्यातून आळीपाळीनं कुत्रं भुंके, बंदूक वाजे आणि वाघ डरकाळी फोडे. दुसऱ्याच दिवशी काकांनी ते परत केलं.

"काहून काका? रोही आले काय?" मी विचारलं.

"रोही नाई आले. पण मीच रातभर बाजेवर बसून राह्यलो. थो वाघ आपल्या बाजूचा हाय हे माईत असून बी झोप लागत नाई लेका."

तेव्हा काकांनी ठरवलं की स्पीकर आपणच घरी बनवायचा. सुटं सामान आणायचं, जोडायचं, आणि त्यातून वाघ नाही, माणूस बोलवायचा. सल्लागार म्हणून निवड झाली माझी. मी शाळेत मराठी शिकवतो. विजेतलं मला एवढंच कळतं की बिल भरलं नाही तर ती जाते. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं.

"मास्तर हायेस न?" काका म्हणायचे. "मंग झालं."

झालं काय, माझे रविवार खलास झाले! सकाळची गाडी पकडायची, मंगरूळपीरला उतरायचं आणि रफिकभाईच्या दुकानात जाऊन बसायचं. रफिकभाई रेडिओ, मिक्सर दुरुस्त करतात आणि स्पीकरचं सामान विकतात. माणूस देवमाणूस. नाहीतर दुसऱ्या कोणी आम्हाला तिसऱ्या रविवारीच हाकललं असतं.

पहिल्यांदा त्यांनी भोंग्याचं किट दाखवलं. पत्र्याचा भोंगा, सर्किटची एक छोटी पट्टी आणि बॅटरी, बस. "चाचा, ये लगाओ. रोही क्या, रोही का खानदान भाग जाएगा."

"बोल मास्तर," काकांनी माइक माझ्यापुढे धरला.

"जेवण झालं काय?" मी म्हणालो. भर बाजारात, रविवारी, एका पदवीधर माणसानं.

"माणूस नाकातून बोलून राह्यला," काका म्हणाले. "सर्दी झालेल्या माणसाच्या पंगतीत बसल्यावानी वाटते. दुसरं दाखवा."

दुसरं किट म्हणजे दोन लहान पेट्यांची जोडी. रफिकभाईंनी मोठ्या कौतुकानं समजावलं की या दोन पेट्या दोन बाजूंना ठेवायच्या आणि बरोबर मधोमध बसायचं. तिथं बसलं की असा आवाज येतो की बस.

"मधात किती माणसं बसते?" काकांनी विचारलं.

"एकच. बीच में एकही आदमी को सही सुनाई देता."

काकांनी दोन्ही पेट्या हातानं जवळ सरकवून पाहिल्या. "म्हंजे एकट्यानंच आयकाचं?" ते म्हणाले. "एवढं बनवाचं अन् एकट्यानं आयकाचं? ठेवून द्या भाऊ."

इथं माझा संयम संपला. "काका, तुमाले रोही पळवाचे हायेत का मैफल भरवाची हाय? जनावराले काय समजते छाती अन् नाक? घ्या थो भोंगा अन् मोकळे व्हा! माह्या पोरांचे पेपर तपासाचे राह्यले घरी."

काका रागावत नाहीत, ही त्यांची सगळ्यात मोठी वाईट खोड आहे. ते समजावतात. "आयक मास्तर. ओरडणाऱ्या माणसाले रोही दोन-चार दिवस भेते. मंग त्याले समजते का हा नुसता ओरडून राह्यला, उठत काई नाई. पण माणसं आरामात बसून बोलून राह्यले न, त त्याले वाटते का हे आता जात नाई इथून. थो फिरकतच नाई मंग. अन् बसून बोलणाऱ्याचा आवाज छातीतून येते. गाणं कशावर बी चांगलं लागते. माणूस कशावर माणसावानी वाटते थे पाहा."

रफिकभाईंनी हात जोडले आणि आतून तिसरं किट आणलं. आठ इंची एकच स्पीकर, आणि त्याच्या पेटीच्या प्लायवुडच्या कापलेल्या फळ्या. आपण चिकटवायच्या, आत कापूस भरायचा, स्पीकर बसवायचा. मी पुन्हा सगळ्या बाजाराला जेवणाचं विचारलं. काकांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. मला वाटलं झोप लागली.

"अजून बोल," ते म्हणाले.

आणि ते किट आम्ही घेतलं. गाडीत काका त्या फळ्या मांडीवर घेऊन बसले, कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवल्या नाहीत.

पेटी त्यांनी एकट्यानं जोडली. कापूस घरचा. फळ्यांच्या सांध्यांना असा काही लांबीचा लगदा आणि सरस भरला की मुंगी शिरायची नाही. पण आवाज लावला तर माणूस माठात तोंड घालून बोलतो आहे असा. काका हवालदिल झाले. पेटी पोत्यात गुंडाळून आम्ही पुन्हा मंगरूळपीरला. रफिकभाईंनी पेटी फिरवून फिरवून पाहिली आणि कपाळावर हात मारला. पेटीच्या पुढच्या बाजूला वाटीएवढं एक गोल भोक असतं, आतली हवा खेळायला. काकांनी त्यात लाकडी गुटका ठोकून वरून लांबी लिंपली होती.

"चाचा, ये क्यों बंद किया?"

"उंदीर जाईन न आत!" काका म्हणाले. आयुष्यभर धान्याच्या कोठ्या लिंपलेला माणूस, भोक दिसलं की त्याचा हात शिवशिवणारच. शेवटी तडजोड झाली. गुटका काढला आणि भोकाला बारीक जाळी लावली. पेटीतला माणूस मोकळा बोलायला लागला. काकांनी त्या आनंदात दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. शेजारच्या चपलांच्या दुकानदारालासुद्धा.

राहिलं होतं फक्त आवाज भरणं. गल्लीतली पोरं हौसेनं आली आणि काकांच्या मोबाइलमध्ये "हाड्! हुर्र!" करून घसा फाडायला लागली. काकांनी सगळ्यांना गप्प केलं. "ओरडू नोका रे. घरातल्यावानी बोला." मग त्यांनी युक्ती काढली. मोबाइल आमच्या ओट्यावर ठेवायचा आणि आपण जवळच तूर निवडत बसायचं, जेवणही तिथंच. आम्ही आपले रोजचं बोलत राहायचो. बायको कामवालीला बोलायची, मी बायकोला बोलायचो, येणारा-जाणारा दोन शब्द टाकून जायचा. आठवडाभर हे चाललं. मी म्हणालोही, "काका, एवढ्या बडबडीनं रोहीच काय, गावातले माणसं बी पळतीन."

स्पीकर वावरात लागला आणि, खोटं कशाला बोलू, रोही फिरकले नाहीत. हरभरा घाट्यांनी लदबदला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझे रविवार मला परत मिळाले आणि मी ते पेपर तपासण्यात आणि झोपण्यात आनंदानं घालवायला लागलो. वावराकडे जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मग एका रविवारी ओट्यावर काकांचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, सापडला. म्हटलं, देऊन येऊ. जेवण करून दुपारचा निघालो.

बांधावरूनच बोलण्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. म्हटलं, वाशीमहून भाऊ-भावजय आलेले दिसतात. खोपडीपाशी पोचलो तर पाहुणा कोणीच नाही. एका उपड्या घमेल्यावर ती पेटी ठेवलेली. तोंड हरभऱ्याकडे नाही, खोपडीकडे. भर दुपारी, जेव्हा कोणताही रोही उन्हात येत नाही, तेव्हा पेटी चालू होती आणि तिच्यासमोर काका मांडी घालून जेवायला बसले होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

पेटीतून माझी बायको बोलली, "काका, भाजीत मीठ बरोबर हाय न?"

"बरोबर हाय माय," काका म्हणाले.

मग मी बोललो. पेटीतला मी. चिडलेला. "काका, तुमी आता अजून काई नवीन काढू नोका बरं!"

"नाई काढत लेका," काका हसले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जेव तू."

पेचकस हातात घेऊन मी उभाच राहिलो. परत फिरावं असंही वाटलं, पण पायाखाली काडी मोडली आणि काकांनी वळून पाहिलं. गडबडले. चोरी सापडल्यासारखे इकडे तिकडे पाहायला लागले. "टेस्टिंग करून राह्यलो होतो," ते म्हणाले. "थोडा आवाज फाटल्यावानी वाटत होता."

"हो काय," मी म्हणालो.

त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं.

"राहू द्या न काका, चालू द्या."

"आता कायले पायजे? तू आला न." त्यांनी बाजेवरचं पोतं उचलून समोर अंथरलं, हातानं झटकलं. "जेवण झालं काय?"

मी घरून तीन पोळ्या आणि वर वाटीभर भात खाऊन निघालो होतो.

"नाई काका," मी म्हणालो. "उपाशीच आलो." आणि पोत्यावर बसलो.