आधी उन्हात चला

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका बोळात कटलरीचं दुकान आहे आणि त्या दुकानाचा आरसा दुकानात नाही. तो समोरच्या विजेच्या खांबाला तारेनं करकचून बांधलेला आहे. आमच्याकडे बांगड्या, टिकल्या, पावडरी जिथं मिळतात त्याला कटलरी म्हणतात. काटे-चमचे मागायला आलेल्या पुणेकरांनी समजून घ्यावं. तर या आरशात हमाल मिशा पिळतात, रिक्षावाले भांग पाडतात. एकदा एका बोकडानं स्वतःलाच धडक मारली, तेव्हापासून त्याचा खालचा कोपरा तडकलेला आहे.

पण आरसा आहे तो गिऱ्हाइकांसाठी. तुम्ही कुठलीही डबी उचला, मालक मन्मथप्पा काउंटरची फळी वर करून बाहेर येतात. "ट्यूबलाइट साफ झूट बोलती. आधी उन्हात चला." मग बाई भर रस्त्यात उभी राहून गालाला पावडर लावून बघते आणि येणारे-जाणारे बाईला बघतात. पहिल्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वीस वर्षांत सवय झाली.

मन्मथ म्हणजे मदन. नाव ठेवताना आईबापांनी पुढचा अंदाज घेतला नसावा. अप्पा बुटके, गोल आणि रंगानं पक्के सावळे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी-गुलाबी पट्टे. नवा माल आला की आधी तो अप्पांच्या हातावर लागतो, आणि मग हात उन्हात धरून ते कितीतरी वेळ बघत बसतात. "कपाळावरचे देवाचे, हातावरचे धंद्याचे," असं वर सांगतात.

अप्पांकडे माल थोडा आणि मतं जास्त. सहजी न निघणारं काजळ ते ठेवत नाहीत. "जे काढायला दोन तांबे पाणी लागतं ते लातुरात विकणं पाप हाय." उन्हाचं क्रीम मात्र शेतावर जाणाऱ्या बाईला हटकून देतात; ते औषध आहे, शृंगार नाही, असं त्यांचं म्हणणं. गोरं करणारी क्रीमं सगळ्यात वरच्या फळीवर, तीही शिडी सापडत नाही म्हणून कुणाला मिळत नाहीत. "त्यानं कोणी गोरं झालं असतं तर खोकी उचलून उचलून आधी मी झालो असतो." एकदा माझ्या नव्या लिपस्टिककडे बघून म्हणाले, "लिपस्टिक दुकानात आली, ताई. तुम्ही अजून रस्त्यावरच हाईत." मी घरी येऊन ती पुसून टाकली. राग आला होता, पण पुसली.

आणि गळा! तोंडाला पावडर लावून गळा तसाच सोडणारी बाई दिसली की अप्पांचा जीव कासावीस होतो. "गळा काय शेजारणीचा हाय का?" हे वाक्य लातुरातल्या निदान तीन पिढ्यांनी ऐकलं आहे.

गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये मात्र एक डबी असते, तिच्याबद्दल अप्पा काही बोलत नाहीत. मी एकदा ती मागितली तर म्हणाले, "ते विकायचं न्हाई." दर दिवाळीला जुनी टाकून तिथं नवी ठेवलेली असते.

गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता माझ्या लेकीला, ऋतुजाला, बघायला पाहुणे येणार होते. ती नांदेडला बँकेत आहे, हुशार आहे, आणि माझ्यासारखीच सावळी आहे. मी आयुष्यभर शाळेत मुलींना रंगाबिंगाचं काही नसतं असं शिकवलं, आणि वेळ आली तशी गुपचूप अप्पांकडे गेले.

"काय शोधलालाव, ताई?"

"ऋतुजासाठी एक कॉम्पॅक्ट द्या. तिच्या रंगाहून दोन नंबर उजळ."

अप्पांनी तिच्या रंगाची डबी काढून पुढ्यात ठेवली.

"ही नको. उजळ."

"न्हाई जमत."

"अप्पा, गिऱ्हाईक मी आहे ना?"

"हाव. गिऱ्हाईक तुम्हीच. पण तोंड पोरीचं हाय."

मी तणतणत बाहेर पडले. पण मी काही आजची नाही. दुपारी एक ते दोन अप्पा जेवायला घरी जातात आणि त्यांची धाकटी बहीण काशीअक्का गल्ल्यावर बसते, हे अख्ख्या लातूरला पाठ आहे. अक्काला मत नाही. मागाल ते काढून देते, लागली तर शिडीही तिला सापडते. अप्पांनी परत पाठवलेल्या बायकांची त्या तासाला झुंबड असते. अक्काचा स्वतःचा चेहरा मात्र कोरा. कटलरीच्या दुकानात जन्म गेला आणि तोंडाला साधी पावडर नाही. मिठाईवाल्याला गोड नको होतं, तसं असेल, असं मी समजत होते.

एक वाजून पाच मिनिटांनी मी हजर झाले. अक्कानं दोन नंबर उजळ डबी काढली, पण देता देता तिच्यावर हात ठेवला.

"पोरीच्या बघण्याला लावताव का, ताई?"

मी हो म्हणाले.

"माझ्या बघण्याला बी अशीच लावलती. अप्पानं दुकान नवं नवं टाकलं व्हतं, त्याला लई हौस. सगळ्यात भारी डबी आणली. आतल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली बघणं झालं. पसंत केलं लोकांनी. लग्न मात्र भर दुपारी, मांडवात. घामानं समदं गळून गेलं. नवऱ्याची मावशी म्हणाली, दाखवली ती पोरगी येगळी व्हती. लोकांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. वऱ्हाड न जेवता गेलं."

"अप्पांचा राग नाही आला?"

"त्याचा कशाला? त्यानं काय वाईट चिंतलं व्हतं का? मागनं स्थळं आली, मीच नगं म्हणाले. पण तवापासून मी जरा तोंडाला काही लावलं की तो उठून बाहेर जायचा. त्याला बघवायचं न्हाई. म्हणून लावणंच सोडलं." मग हसून म्हणाली, "हौस लई व्हती मला."

मी डबी परत ठेवली. घरी जाताना माझ्या डोळ्यांपुढे अप्पांचा तो पट्ट्यापट्ट्यांचा हात येत होता. बहीणभावांचा रंग अगदी एक आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या कसं लक्षात आलं नाही? मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी काढून दिलेली डबीच नेली. पाहुणे आले तेव्हा पोहे गच्चीवर मांडले, भर बाराला. "आधी उन्हात चला," मी म्हणाले. मुलाच्या आईला मी वेडी वाटले असणार. पण ऊन सगळ्यांनाच सारखं. मुलाच्या वडिलांच्या कलपाचा एक काळा ओघळ कानामागून कॉलरपर्यंत गेला, आणि मुलगा आणि ऋतुजा एकदमच हसले. लग्न तिथंच ठरलं.

पेढे घेऊन मी मुद्दाम एकच्या ठोक्याला गेले. अक्का नुकतीच आली होती, अप्पा पायात चप्पल घालत होते.

"अक्षतेला दोघांनीही यायचं," मी म्हणाले.

"अप्पा येईल," अक्का म्हणाली. "मांडवात मला नगं वाटतं, ताई."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष आहे. "अप्पा, ती ड्रॉवरमधली डबी अक्काच्या रंगाची आहे ना?"

अप्पा चपलेकडे बघत राहिले. "हाव."

"मग इतकी वर्षं दिली का नाही?"

"माझ्यापायी तिनं समदं सोडलं. कोणत्या तोंडानं देऊ?"

अक्का ताडकन उठली. "येड्या, तुला बघवंना म्हणून सोडलं मी! तू डब्या घेऊन बसलास व्हय रे?"

अप्पांनी ड्रॉवर उघडला. डबी तिच्या हातात दिली नाही, काउंटरवर ठेवली आणि बोटानं पुढे सरकवली. अक्कानं ती घेतली, फळी वर केली आणि रस्त्यात गेली. आरशासमोर भांग पाडणारा एक रिक्षावाला बाजूला झाला. पदरानं घाम टिपून तिनं सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं मन लावून, गालाला पावडर लावली. मग वळली.

"बघ आता. उठून जाऊ नगंस."

अप्पांनी बघितलं. रंग कुठं संपतो आणि अक्का कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. प्रत्येक डबीवर मत असलेला हा माणूस नुसता उभा होता, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवायचं काय त्यात.

मग अप्पांनी त्या पट्ट्यापट्ट्यांच्या हातानं डोळे पुसले.

"गळा राहिला, काशे," ते म्हणाले. "गळ्याला बी लाव."