बिघडलेला डबा

टण्... टण्... थप्प. लाकडी डाव पत्र्यावर आपटल्याचा तो आवाज आठवला, की आजही माझी मान आपोआप खाली जाते. आमचे नानाकाका रोज सकाळी, पूजेच्याही आधी, आपले डबे वाजवीत आणि वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटून ऐकत. टण् वाजला तर आतला आमरस जिवंत. थप्प वाजला तर आंबला.

काकांची हापूसची बाग होती. आंबा बोटीने मुंबईस जाई, दलाल म्हणेल त्या भावाने विकला जाई. बोट रखडली तर वाटेतच कुजे. एका उन्हाळ्यात काकांनी ठरविले, रस पत्र्याच्या डब्यांत भरून, झाकण कथलाने झाळून घट्ट बंद ठेवायचा आणि आंबा नसेल त्या दिवसांत आपल्या भावाने विकायचा. झाळलेला डबा पाण्यात उकळावा लागे. पण उकळून वास उडेल म्हणून काका तो लवकरच बाहेर काढीत. "मला आंबा हवा गो, मुरांबा नको!" मग डबे फुगत आणि फुटत. भिंतीवरचा केशरी ओघळ बोटाने चाटून काका म्हणत, "पाऊल तर पडलं!"

"पडलं खरं, पण शेणात," माझे वडील, अण्णा, म्हणत.

आमचे घर त्यांच्या घराला लागूनच. तो गोडसर, आंबूस, डोके जड करणारा दर्प माझ्या परकरांत मुरला होता. शाळेत मुली नाक दाबून विचारीत, "आज काय फुटलं गो तुमच्याकडे?" मला पाहायला राजापूरची मंडळी आली, तेव्हा काकांनी माझ्या भावी सासऱ्यांची ट्रंक सवयीने डावाने वाजविली आणि गंभीरपणे म्हणाले, "थप्प. आत काहीतरी आंबलंय."

हातातल्या पोह्यांत तोंड लपवावे, असे मला झाले.

"ओला पंचा आहे," सासरे म्हणाले. "बरोबर ओळखलंत."

लग्न मार्गशीर्षात ठरले. काकांनी भर बैठकीत जाहीर केले, "पंगतीला आमरस!" गावातल्या बागाईतदारांना मुद्दाम आमंत्रण गेले. रस साधला तर पुढच्या वर्षी तेही आपला आंबा देणार होते. फसला तर काकांची बाग खंडाने, वर्षाच्या ठरावीक रकमेवर, दलालाकडे जायची होती. लग्नाच्या आठवड्यात काकांना प्रत्येक डबा टण् ऐकू येई.

"नाना, हा थप्प वाजला."

"तुझा कान थप्प आहे, अण्णा."

पंगत बसली. पहिला डबा उघडताच फस्सकन फेस उसळला, तो थेट सासऱ्यांच्या उपरण्यावर. दुसरा तसाच. तिसराही. "नाना, ही तर दारू पाडलीत!" कोणीतरी ओरडले आणि मांडव हसून लोटपोट झाला. मुंडावळ्यांखाली माझे कान जळत होते. काका मात्र डाव पाठीमागे लपवून घराकडे निघून गेले.

पाठवणीपूर्वी मी त्यांच्या पाया पडायला गेले. खोलीत काकूंची खाट होती. काकू गेल्यापासून काका जमिनीवर निजत, आणि काकूंच्या गोधडीत गुंडाळलेले डबे खाटेवर. आता तिथे उशीपाशी एकच उरला होता.

"हा बिघडलेला," काका माझ्याकडे न पाहता म्हणाले. "वैशाखात तुला ताप भरला होता ना? तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवीत बसलो आणि हा चुलीवर उकळतच राहिला. वास गेला असणार. पण टाकवला नाही."

त्यांनी डाव हळूच टेकविला.

टण्.

झाकण कापले. फेस आला नाही, आवाजही नाही. गवताच्या अढीत पिकलेल्या, उन्हात कोमट झालेल्या आंब्याचा वास तेवढा मार्गशीर्षाच्या गारव्यात सावकाश पसरत गेला. बाहेर बैलगाडी जुंपलेली होती. माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. काकांनी डाव बुडविला, स्वतःच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मग तो डाव त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला.

"चाख."