छत्र्यांच्या बॅलेची निष्पक्ष चाचणी

"संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणूनच या कामाला माझ्याइतका लायक माणूस मिळणार नाही!" असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं. ज्याला आवड असते, तो पक्षपात करतो. मी पडलो पदार्थविज्ञान शिकलेला माणूस. माझं सुरांशी वैर नाही, सोयरिकही नाही. मला फक्त मोजमाप कळतं!

"एक रेकॉर्डिंग निवडून दे म्हटलंय," ताई म्हणाली. "रॉकेट सोडायचं नाहीये."

ताई लहान मुलांना बॅले शिकवते. वर्ग भरतो आमच्या गॅरेजमध्ये. तिथली जमीन इतकी कडक, की मुलं उडी मारून खाली येतात तेव्हा कळ ताईच्या चेहऱ्यावर उमटते. जवळच्या सभागृहाच्या मागची लाकडी जमिनीची खोली नुकतीच रिकामी झाली होती. तिच्यावर ताईचा डोळा होता, आणि ज्युदोच्या वर्गाचाही. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी दोघांना सांगितलं होतं, "तुमचे कार्यक्रम बघते, मग ठरवते." ज्युदोवाल्यांचा होऊन गेला होता. आता पाळी ताईची.

तिने निवडला एक हलकाफुलका बॅले. कुणा हुशार माणसाने जुन्या विनोदी ऑपेरांमधल्या चाली उचलल्या, एकीची शेपटी दुसरीच्या डोक्याला शिवली आणि त्यातून नाचाचं सलग संगीत तयार केलं. गोष्ट छत्र्यांच्या दुकानातली. एक सेनापती, एक विधवा आणि एक चोर यांच्या छत्र्यांची अदलाबदल होते, एकच गोंधळ उडतो, आणि शेवटी सगळ्या छत्र्या एकदम उघडतात. छत्र्या, विधवा आणि चोर झाली मुलं. सेनापती झाले भावजी, कारण भाड्याने आणलेला गणवेश घरात फक्त त्यांनाच बसला. भावजी दातांचे डॉक्टर. 'तोंड उघडा' यापलीकडे त्यांनी आयुष्यात कुणाला हुकूम सोडलेला नाही.

समोरच्या घरातल्या तबकडीकाकांकडे या बॅलेच्या चार तबकड्या निघाल्या. चार वेगवेगळे ऑर्केस्ट्रा, संगीत तेच. काका तबकडी अशी धरतात, की नुकतं न्हाऊ घातलेलं तान्हं बाळ वाटावं. "कडेने धर," ते मला म्हणाले. "वर बोट लागलं तर तुझ्याशी बोलणं बंद!"

मी बैठकीच्या खोलीत चादर बांधली. चादरीमागे मी आणि रेकॉर्ड प्लेअर, पुढे आई, भावजी आणि तबकडीकाका असे तीन परीक्षक. कोणती तबकडी वाजतेय ते कुणाला कळू द्यायचं नाही. चौघींचा आवाज मी आधीच सारखा करून घेतला होता, कारण मोठ्याने वाजलेलं माणसाला उगाचच चांगलं वाटतं. हे कुठल्याही शास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा!

"ही फार घाईत आहे," आई एकीबद्दल म्हणाली.

"ही बघा कशी संथ आहे! हीच घ्या," भावजी दुसरीबद्दल म्हणाले.

"का बरं?"

"अरे, मला तिच्यावर नाचायचंय!"

पक्षपात! शुद्ध पक्षपात! वेग माझ्या चाचणीत ढवळाढवळ करत होता. मग मी काय केलं? वेगच काढून टाकला! चारही रेकॉर्डिंगं संगणकात घेतली, कुणाला ताणलं, कुणाला दाबलं, आणि सगळ्यांना एका चालीने चालायला लावलं. सूर जिथल्या तिथे, वेग एकसारखा. स्वतःच्या पाठीवर थाप मारायला हात पुरत नव्हता, एवढंच दुःख.

दुसऱ्या फेरीत काकांनी हात वर केला. "अरे, ती तिसरी आहे ना, तिची एक गंमत..."

"काका, परीक्षकांनी बोलायचं नाही."

"पण ऐक तरी! मुळात ती..."

"काका! निष्कर्ष बिघडतो!"

काकांनी ओठ घट्ट मिटले आणि ते चादरीकडे असे बघत बसले, जणू चादरीनेच त्यांचा अपमान केलाय.

तिसरी एकमताने निवडून आली. तिच्यातले ट्रम्पेट नुसते लखलखत होते!

"नक्की ना?" ताईने विचारलं.

"ताई, आकडे खोटं बोलत नाहीत!"

माझ्या संगणकावरच्या त्या रेकॉर्डिंगवर तालमी सुरू झाल्या आणि इतक्या छान झाल्या, की भावजी पोट आत घेऊन चालायला शिकले. एकदा तर त्यांनी वळताना कुणालाही धडक दिली नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझ्या तीक्ष्ण कानांना जाणवलं, की ताणलेल्या आवाजाला किंचित खरखर आहे. "उद्या संगणक नको," मी जाहीर केलं. "अस्सल तबकडीच वाजवू!"

"चाललंय ते चालू दे की," आई म्हणाली.

"आई, शुद्धता म्हणून काही असतं!"

सभागृह भरलं. व्यवस्थापकबाई पहिल्या रांगेत, तबकडीकाका शेवटच्या. पडद्याची दोरी आईच्या हातात. मी मागच्या काचेच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअरपाशी. पडदा उघडला. मी अलगद सुई टेकवली.

पहिले सूर आले आणि मला वाटलं, यंत्र बिघडलं! मग लख्ख आठवलं. यंत्र ठणठणीत होतं. तिसऱ्या तबकडीचा वेगच असा होता! तिला मीच ताणून, चुचकारून हळू केलं होतं, आणि ताई, भावजी, सगळी मुलं त्या हळू केलेल्या चालीवर तयार झाली होती. मूळ तबकडी म्हणजे शेपटीला आग लागलेला ऑर्केस्ट्रा!

सेनापतींनी दिमाखात प्रवेश करायचा होता. ते दुडक्या चालीने आले. विधवेने हळुवारपणे अश्रू पुसायचे होते. ती डास मारतेय असं वाटत होतं. चोर छत्री चोरायला पोचला, तोवर संगीतात त्याला अटकही झाली होती!

विंगेतून ताईने मला हाताने खूण केली. तळवा खाली, खाली, खाली. मी आवाज कमी केला. आता मुलांना काहीच ऐकू येईना. ताईने दोन्ही हात जोरजोरात वर नाचवले. म्हणजे वाढव! मी वाढवला. ट्रम्पेट असे कडाडले, की दोन छत्र्या दचकून अवेळी उघडल्या आणि त्यांतली एक सेनापतींच्या पट्ट्यात अडकली. ताईने कपाळावर हात मारला. या खुणेचा अर्थ मात्र मला बरोबर कळला.

'हळू' म्हणत होती ती! ठीक आहे. माणसाला घर्षणाचे नियम येत असतील तर तो हार मानत नाही. मी तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. वेग कमी झाला! पण त्याबरोबर सूरही खाली बसले आणि ट्रम्पेटच्या जागी म्हशी हंबरायला लागल्या. माझं बोट घामेजलेलं. ते घसरलं की म्हशी उधळायच्या, दाबलं की रवंथ करायच्या. रंगमंचावर भावजी बोट लागलेल्या प्रवाशासारखे डुलत होते आणि पट्ट्यातली छत्री त्यांच्यामागून फरफटत होती. प्रेक्षागृहात हशा पिकला होता.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आरोळी आली. "बोट! नालायक बोट लावतोय!"

आवाज ऐकूनच काकांना कळलं होतं. दार उघडून ते आत घुसले. "काढ! काढ म्हणतो ना!"

"काका, वेग..."

"हेच तर सांगत होतो तेव्हा! सगळं संगीत तबकडीच्या एकाच बाजूत मावावं म्हणून पळवलंय त्यांनी! बोलू दिलंस का मला?" आणि त्यांनी माझं मनगट खेचलं.

तबकडी सुसाट सुटली. नेमका शेवटचा नाच. मुलं गरगर फिरली, एकमेकांवर आपटली, उठली, पुन्हा फिरली. सगळ्या छत्र्या फटाफट उघडल्या, एक तर सेनापतींच्या तोंडावर. ते मागच्या मागे बसले आणि त्याच क्षणी, शेवटच्या ठोक्याला, पडदा पडला.

आम्ही पडद्यामागे गेलो तेव्हा ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. व्यवस्थापकबाई डोळे पुसत आल्या. हसून की रडून, ते कळेना.

"ज्युदोवाल्यांची दोन मुलं पडल्याबरोबर भोकाड पसरून आईकडे पळाली," त्या म्हणाल्या. "तुमची एवढी आपटली, पण एकानेही नाच सोडला नाही. खोली तुमची."

ताई उठून उभी राहिली. तिने आभार मानायला हात जोडले. मग शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून मीच पुढे झालो. "खरं म्हणजे यात पद्धतीची एक छोटीशी चूक..."

ताईने माझ्या पायावर पाय दिला. बॅले शिकवणाऱ्यांच्या टाचेत काय ताकद असते, याची मोजणी अजून कुणी केलेली नसावी.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हा?" ताई म्हणाली. "हा पडदा ओढणारा."

"अरे वा!" बाईंनी माझा हात हातात घेतला. "सगळ्या कार्यक्रमात तेवढी एकच गोष्ट अगदी वेळेवर झाली हो!"

मी आईकडे पाहिलं. दोरी अजून तिच्या हातात होती. मी बाईंना थँक्यू म्हणालो.